पांढऱ्या पेशी वळल्या तेव्हा

"उठा. ही वेळ माझी आहे."

सूक्ष्मदर्शकासमोरच्या उंच तरुणानं मान वळवली. "दारावरच्या वेळापत्रकात या वेळेला ल्युसियें असं लिहिलंय. तो मी."

"त्याच चौकटीत सिग्रूनही लिहिलंय. ती मी." तिनं हातातली डबी पुढे केली. "हे फुफ्फुसाचे काप संध्याकाळपर्यंतच जगतील..."

तो तिच्याकडे पाहत राहिला – जरा जास्तच वेळ. मग यंत्राच्या उबेतली आपल्या नमुन्यांची बशी काढून टेबलावर ठेवली आणि उठला. "बसा. मी नुसता बघतो."

"पडद्याकडे. माझ्याकडे नाही."

विनिपेगच्या त्या प्रयोगशाळेत सिग्रूनची ही शेवटची संधी होती. फ्लूचा विषाणू शिरला, की फुफ्फुसातल्या पहारेकरी पेशीच रसायन सोडून पांढऱ्या पेशींना बोलावतात, असं तिचं म्हणणं. तिच्या सरांना ते साफ नामंजूर; पहारेकऱ्यांशिवायही पांढऱ्या पेशी येतात, असं त्यांचं मत. आज पुरावा मिळाला नाही, तर काम बंद.

पडद्यावर विषाणू सोडलेला पहिला काप: लाल ठिपके पहारेकऱ्यांचे, हिरवे पांढऱ्या पेशींचे. हिरवे आपले भलतीकडेच भटकत होते. खिडकीबाहेर बर्फ भुरभुरत होता.

"येत नाहीयेत," तिनं पडद्यावर बोट टेकवलं.

"हाक मारली की लगेच कोण येतं?"

"तुम्ही तर न बोलावताच बसलात!"

तो हसला. ती नाही.

...आणि एक हिरवा ठिपका थबकला. वळला. मग दुसरा. बघता बघता लाल ठिपक्यांभोवती झुंबड उडाली. तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं. "बघ – बघ ना!"

पण अजून अर्धी लढाई बाकी होती. दुसऱ्या कापात विषाणू तोच. पहारेकरी मात्र काढून टाकलेले. इथंही झुंबड उडाली, तर सरांचंच खरं! त्याच्या मनगटावरची तिची पकड ढिली होईना. काप त्यानंच मोकळ्या हातानं भिंगाखाली सरकवला. दोघंही पडद्याकडे झुकले.

हिरवे ठिपके भटकले. भटकतच राहिले. एकही वळला नाही.

"जिंकलीस," तो हळूच म्हणाला.

तिनं वळून पाहिलं. त्याच्या नमुन्यांची बशी टेबलावर गार पडली होती.

"तुझे नमुने...?"

"गेले. मघाशीच."

"अरे, बोलायचं नाही का!"

"बोललो असतो, तर तू उठली असतीस."

"किती दिवसांची मेहनत होती?"

"महिन्याची."

"वेडा आहेस तू!"

"आज सकाळपर्यंत नव्हतो."

तिचे डोळे भरून आले. राग, आनंद... सगळं एकदमच. मनगट अजून तिच्याच हातात होतं – तिनं ते सोडलं नाही.

"नवे नमुने आपण दोघं मिळून करू," ती म्हणाली. "आणि ते झाल्यावरही... जाऊ नकोस."