सतराव्या घरातली कवची

"बाई, सतरावं घर रिकामं आहे." लुत्फीचा फोन आला आणि डॉ. मुफीदा होत्या तशाच निघाल्या.

अलेक्झांड्रियाच्या समुद्र-संस्थेचा संचालक लुत्फी त्यांचाच विद्यार्थी. समुद्रतळाच्या गाळातून वाळूच्या कणाएवढ्या कवच्या, म्हणजे फोरामिनिफेरा, निवडून त्यांच्या जाती ठरवायला बाईंनीच त्याला शिकवलं होतं. गेल्या वर्षी त्याने खोल समुद्रातली नवी जात जाहीर केली आणि तिला बाईंचं नाव दिलं. निवृत्तीनंतर एवढा आनंद बाईंना कशाचाच झाला नव्हता. पुरावा म्हणून एकच कवची होती, साठ घरांच्या काळ्या पट्टीवर डिंकाने चिकटवलेली. उद्या कैरोचे तज्ज्ञ ती पाहणार होते.

कपाटाच्या किल्ल्या दोनच. एक लुत्फीकडे, दुसरी वीस वर्षं गाळ धुऊन कवच्या वेचणाऱ्या रावियाकडे. दुपारी तिला पोलिसांच्या हवाली करणार, असं लुत्फीने सांगून टाकलं. त्याच्या टेबलावर फायलींमागे न गाळलेल्या कॉफीचा कप होता. रमजान चालू होता; साखरेच्या आजारामुळे त्याला रोजा झेपत नसे, पण उघडपणे प्यायची लाज वाटे.

रावियाची बोटं नेहमीसारखी निळी होती.

"काल पट्टी हाताळलीस?"

"सकाळी. मग ब्रश धुतला नि नमाज पढायला गेले, बाई."

"ब्रश कशात भिजवतेस?"

"एरवी जिभेवर, तुम्ही शिकवलंत तसा. रमजानात वाटीतल्या पाण्यात."

"कवचीचा रंग?"

तिने लुत्फीकडे पाहिलं. "निळसर. सरांना तेव्हाच सांगितलं होतं."

"उपाशीपोटी काहीही बरळते," लुत्फी म्हणाला. "फोटोत कुठे दिसतो निळा?" फोटो काळा-पांढरा होता.

बाईंनी पट्टी भिंगाखाली धरली. सतराव्या घरातला डिंक विरघळून पुन्हा वाळला होता आणि त्यात तीन तपकिरी कण अडकले होते. ती वाळू नव्हती.

"कॉफीचा गाळ आहे," त्या म्हणाल्या. "डिंक ओल्या ब्रशने सुटतो. ज्याने कवची काढताना ब्रश जिभेवर भिजवला त्याने नुकतीच कॉफी प्यायली होती. सवय जात नाही, लुत्फी. मीच लावलेली आहे."

"माझीच कवची मी कशाला चोरू?"

"दर नमुन्यानंतर चाळणी निळ्या रंगात बुचकळतात. मागची एखादी कवची जाळीत अडकली असेल तर ती निळी होते आणि ओळखू येते. राविया, त्या खोल समुद्रातल्या गाळाआधी काय चाळलं होतंस?"

"अबू किरच्या किनाऱ्यावरची वाळू."

"म्हणजे खोल समुद्रही नाही आणि नवी जातही नाही. किनाऱ्यावरची नेहमीचीच, वेडीवाकडी वाढलेली. उद्या भिंगाखाली तिचा निळा रंग लपला नसता."

लुत्फी खाली बसला. "तुमचं नाव राहावं म्हणून केलं, बाई."

"आणि तिचं नाव पोलिसांकडे जाणार होतं."

बाईंनी नोंदवही ओढली. सतरा आकड्यापुढचं आपलं नाव खोडलं, 'अबू किर, चाळणीतली' असं लिहिलं आणि खाली लुत्फीची सही घेतली.

रावियाकडून काढून घेतलेली कपाटाची किल्ली लुत्फीने तिच्यापुढे सरकवली. तिने ती घेतली नाही. वाटीतलं पाणी मोरीत ओतलं, वाटी पालथी घातली आणि ती घरी गेली.