चाकाखालची लिंबं

खंडेनवमीला हत्यारं पुजायची, मग घरात नुसती विळी का असेना. शरयूने हा नेम अमेरिकेत, चँडलरच्या वाळवंटातही सोडला नव्हता. शहाऐंशी साली नवमी रविवारी आली. गोदाम बंद होतं आणि त्याची एक किल्ली तिच्या नवऱ्यापाशी, अतुलपाशी होती. कॉम्प्युटर चिपच्या कंपनीने कामावरून कमी केल्यापासून हा इंजिनिअर तिथे फोर्कलिफ्ट चालवत होता. तिला सातवा महिना होता.

दुपारी दोघं आत शिरले. दाराशी ट्रक भरणारी जाडजूड फोर्कलिफ्ट उभी होती, पुढे माल उचलायचे दोन लोखंडी सुळे, म्हणजे फोर्क. कितीही उचललं तरी पुढे कलंडू नये म्हणून तिच्या मागे लोखंडी वजन होतं. पलीकडे अरुंद गल्ल्यांतून फिरणारा सडपातळ रीच ट्रक. दोन्ही यंत्रांना हळदकुंकू झालं.

"आणि तो?" कोपऱ्यात दुसरा रीच ट्रक धूळ खात होता.

"त्यात आत्ता बॅटरी नाही, नवी घालणार. उद्यापासून मी चालवायचा."

"आधी कोण चालवायचं?"

अतुलला खोटं बोलणं कधी जमलं नाही. "हँक म्हणून होता. या गल्लीतच सापडला, रॅकला चेपलेला. फोर्क पाठीत... आणि ट्रकची किल्ली त्याच्याच खिशात."

"मग नाही म्हणून सांगा ना."

"जॉब जाईल, शरयू. इन्शुरन्स कॅन्सल होईल. तुझ्या डिलिव्हरीचा खर्च कसा करायचा?"

कष्टाने वाकून तिने त्या ट्रकच्या जमिनीला टेकलेल्या दोन्ही फोर्कच्या टोकांना ओलं कुंकू लावलं, पुढच्या चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं आणि हात जोडले. "यांना सांभाळ." जीव टांगणीला लागला की माणूस लोखंडालाही विनवतो, त्यात हसण्यासारखं काही नाही.

निघताना दिवे मालवायचे होते; बटण गल्लीच्या दुसऱ्या टोकाला होतं. शरयू दारात बाहेर तोंड करून थांबली, अतुल निघाला. रबर, ग्रीस, जुना पुठ्ठा... नेहमीचेच वास. मग त्यात एक नवा वास मिसळला. चिरलेल्या लिंबाचा. अतुल थबकला. मागे कुणी उभं असलं की जाणवतं, तसं जाणवलं. मान वळेना.

"अहो..." दारातून हाक आली, तेव्हा कुठे वळला. मागे कुणी नव्हतं. ट्रक कोपऱ्यात, जागच्या जागी, फोर्क जमिनीला टेकलेले. लिंबं मात्र चिरडून सपाट झाली होती.

"जमिनीला उतार असेल, सरकला असेल जरा," शरयू म्हणाली. गोदामाची जमीन पातळी लावून घोटलेली असते हे अतुलला माहीत होतं. दिवे तसेच ठेवून त्याने दाराला कुलूप लावलं.

घरी त्याने शर्ट काढला आणि शरयूचा हात तोंडाशी गेला. शर्टाच्या पाठीवर कुंकवाचे दोन ठिपके होते, शेजारी शेजारी. त्या कोरड्या उन्हात धुणं बघता बघता वाळायचं, पण हे अजून ओले होते.

"तुझाच हात लागला असेल..."

"नाही हो. मी तुमच्या जवळसुद्धा नव्हते."

तेवढ्यात फोन वाजला. फोरमन होता, बॅटरी बसवायला गोदामात आलेला. अतुलने बराच वेळ ऐकून घेतलं.

"काय म्हणतो?"

"विचारतोय, फोर्क छातीइतके वर करून तो ट्रक गल्लीत कुणी उभा केला..." अतुलने रिसीव्हर हळूच ठेवला. "आणि सकाळी लवकर ये म्हणाला."