मानेसरच्या डब्यातले काटे

अविनाशच्या नातीचं, अवनीचं, बारसं झालं ते साल २०२३. त्याच वर्षी दसरा उलटल्यावर सुरुची राजे दिल्लीच्या करोल बागेतला जिना धापा टाकत चढून आली. खाली गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान, वर अलकनंदा पाध्ये यांची खाजगी तपासाची कचेरी.

"ताई, आज संध्याकाळी माझी नोकरी जाणार," सुरुची म्हणाली. "आणि माझ्या चिपचा काही दोष नाही."

"आधी चहा. अविदादा, तीन कप!"

अविनाश हा अलकनंदाचा मावसभाऊ. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून तिच्या तपासात बरोबर असायचा आणि बहुधा भलत्याच माणसावर बोट ठेवायचा.

सुरुचीने हकिगत सांगितली. मानेसरला अंबादास सबनीसांचा कारखाना आहे. तिथे तिने अंतर मोजणारा डबा बनवला. लेझरचा झोत गाडीच्या सुट्या भागावर आपटून परत येतो आणि लागलेल्या वेळावरून अंतर कळतं. परत येणारा सिग्नल बारीक, डोळा लवण्याआधीच संपणारा. तो वीस पट मोठा करायला तिने ऑप-अँप नावाच्या चिपचा वेगवान प्रकार निवडला.

"साधा का नाही घेतलास?" अलकनंदाने विचारलं.

"साधा मागे पडतो. सिग्नल येऊन गेला तरी हा आपला चढतोच आहे. टोकदार शिखराच्या जागी नुसतं टेंगूळ दिसतं. माझा चपळ आहे, पण तेवढाच हळवा. त्याच्या एका पायाजवळ, म्हणजे पिनेजवळ, नुसतं बोट नेलं तरी बिथरतो. त्या पायाखालचं तांबंसुद्धा मी बोर्डावरून काढून टाकलंय."

"बिथरला की काय करतो?"

"काही आलेलं नसताना आपणच गायला लागतो."

नवमीच्या दुपारी गुरुग्रामला गिऱ्हाइकासमोर नेमकं तेच झालं. लेझर बंद, तरी पडद्यावर काटेच काटे! सबनीसांनी जागच्या जागी डब्याला सील लावलं. सुट्टी संपल्यावर मानेसरला तोच डबा, न उघडता, जोडून पाहिला. अगदी शहाण्यासारखा चालला.

"सबनीसकाका म्हणतात, लहरी चिप नको आणि ती निवडणारीही नको."

"चला मानेसरला," अलकनंदा उठली. अविनाशने उरलेला चहा बशीत ओतून घाईने संपवला.

कारखान्यात सणाच्या खुणा अजून होत्या. ड्रिल, ऑसिलोस्कोप, अगदी कॉफीच्या यंत्रावरही हळदकुंकवाची बोटं आणि सुकलेला झेंडू. मधल्या टेबलावर सील लावलेला डबा होता, पांढराशुभ्र. अलकनंदा त्याच्याभोवती एक फेरी मारून आली.

पहिला आला अंशुमन, सुरुचीच्या बरोबरीचा इंजिनियर.

"मी आधीच सांगितलं होतं, जुनी शांत चिप घ्या. पण मॅडमना रेसचा घोडा पाहिजे!"

"जुन्या चिपने मोजमाप जमलं असतं?"

तो जरा घुटमळला. "नसतं. पण गिऱ्हाइकासमोर गायली तरी नसती ना!"

"डब्याला हात लावलात?"

"बिल्कुल नाही. मी थेट घरून गुरुग्रामला गेलो."

"हाच तो," अविनाश कुजबुजला.

मग चिराग आला. जोडणी त्याच्याकडे. "नवमीच्या सकाळी इथेच मी टेस्ट केलं, एकदम मस्त चाललं. झाकण लावणार, तेवढ्यात सरांनी सगळ्यांना पेढे खायला बाहेर पाठवलं. परत आलो तर झाकण लागलेलं. सरांनीच लावलं."

"तिथली वायर, अडॅप्टर?"

"सगळं आपलंच नेलं होतं, ताई. इथेही तेच जोडलंय."

"नाही, हाच तो," अविनाशने मत बदललं.

शेवटी सबनीस आले. पिकल्या मिशा, खणखणीत आवाज. "चाळीस वर्षं मी मोटारी बनवल्या. एकीनेही असा तमाशा केला नाही!"

"नवमीची पूजा कोण करतं?"

"मीच. खंडेनवमीला प्रत्येक अवजाराला हळदकुंकू लागतंच. एकही वगळलेलं नाही."

अलकनंदाने सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं.

"डबा सकाळी चालला, दुपारी बिघडला, नंतर आपोआप सुधारला. सील शाबूत, वायरी त्याच. म्हणजे आतलीच एखादी गोष्ट कोणी हात न लावता बदलली. आपोआप काय बदलतं, अविदादा?"

"दूध नासतं."

"जवळ आलास. ओलं वाळतं."

अलकनंदा बाकीच्यांकडे वळली. "आता पाहा. इथे कॉफीच्या यंत्रालाही कुंकू आहे. एकही अवजार वगळलं नाही, असं काका म्हणतात. मग सगळ्यात मोलाचा डबा कोरा कसा? गिऱ्हाइकासमोर बाहेर डाग नको, म्हणून पूजा आतून झाली. सगळे पेढे खात होते तेव्हा. काका, कालवलेलं कुंकू कुठे लावलंत?"

सबनीसांचा आवाज एकदम उतरला. "चिपलाच. तीच तर देवता होती."

त्यांनी स्वतः सील फोडलं. चिपच्या कडेला, नेमक्या त्या हळव्या पायावर, वाळलेला लाल ठिपका होता.

"बोट जवळ आलेलं न सोसणाऱ्या पायावर ओला गोळा!" सुरुची म्हणाली. "बंद डब्यात दुपारपर्यंत ओलाच राहिला असणार. गाणारच ती! वाळल्यावर गप्प झाली."

"मोटारीला कधी काही झालं नव्हतं गं," सबनीस पुटपुटले.

"मोटार म्हैस आहे, काका. तिला कळतही नाही."

आधी अंशुमन हसला, मग चिराग, आणि शेवटी सबनीसही मिशीतून. सुरुचीने ठिपका स्पिरिटने पुसून काढला. सबनीसांनी तिच्यासमोरच गिऱ्हाइकाला फोन लावला. "चूक माझी होती. चिप तीच राहील आणि मुलगीही."

पुढच्या आठवड्यात गुरुग्रामला डबा पास झाला. सुरुची कारखान्यातच राहिली आणि दीड वर्षाने सगळी प्रयोगशाळा तिच्याकडे आली.

अंबादास सबनीस १९ मार्च २०२५ रोजी पहाटे गुरुग्रामच्या राहत्या घरी झोपेत वारले. ते एकोणऐंशी वर्षांचे होते.