आवंढ्याला एक गुण

विरार पश्चिमेला, भाजीबाजाराच्या तोंडाशी एक खाणावळ आहे. तिच्या दारातल्या, पदार्थांची नावं लिहिलेल्या फळ्यासमोर तो उभा होता आणि मोबाइल कधी उभा, कधी आडवा धरून फळ्याचे फोटो काढत होता. त्याच्या मागे संपदा खोळंबली होती. दुपारचे अडीच वाजलेले, पोटात कावळे ओरडताहेत, आणि हा गृहस्थ दार अडवून छायाचित्रं काढतोय!

"फोटोने पोट भरत नाही हो," ती शेवटी म्हणाली.

तो वळला. रापलेला चेहरा, नीट कापलेली दाढी, पण डोळे जागरणाने तांबारलेले. "ज्यांच्यासाठी काढतोय ना… त्यांचं आता फोटोवरच भागवायचंय."

दुसरी कुणी असती तर यावर गप्प बसली असती. पण न विचारता सल्ला द्यायची खोड संपदाला लहानपणापासूनची. "मग निदान चांगल्या जागेचे तरी काढा! इथलं कालवण रोज एकच असतं, फक्त त्यातला मासा बदलतो. नालासोपाऱ्याला जा, पूर्वेला. बाजाराच्या मागे एक बिहारी बाई लिट्टी-चोखा देते. वांगं निखाऱ्यावर भाजते, वरून कच्चं मोहरीचं तेल…"

"तुमचं दुकान आहे का तिथे?"

"नाही. जीभ आहे."

तो हसला. हसण्याची सवय मोडलेला माणूस हसतो तसा, जरा दचकूनच. मग "थँक्यू हं" म्हणून रस्ता ओलांडून गेला. नाव विचारायचं राहिलं म्हणून संपदाला उगाच चुटपुट लागली, आणि तिने त्या रागात दोन चपात्या जास्त खाल्ल्या.

दोन दिवसांनी ती स्कूटरवरून वटार गावाकडे निघाली. बोळिंजमधल्या तिच्या घराच्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्याच दिसत. वटारकडे वळलं की इमारती मागे पडायच्या आणि केळीच्या वाड्या सुरू व्हायच्या. पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या माणसांना पुन्हा बोलायला आणि गिळायला शिकवणं हे तिचं काम. नवा रुग्ण बॅप्टिस्ट नावाचे सत्तरीतले गृहस्थ होते. तिने कडी वाजवली, आणि दार उघडलं ते फोटोवाल्याने.

"अरे… जीभवाल्या मॅडम!"

"आणि तुम्ही कॅमेरावाले," ती म्हणाली, आणि तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

त्याचं नाव जॅक्सन. प्रवासी जहाजावरच्या रेस्टॉरंटमध्ये वेटर. वडिलांना झटका आला म्हणून रजा टाकून धावत आला होता आणि डिसेंबरात त्याला परत रुजू व्हायचं होतं. आत खाटेवर बॅप्टिस्ट अंकल होते. तीस वर्षं मालवाहू बोटींवर खलाशांना जेवू घातलेला आचारी, आणि आता त्याच्या नाकात नळी. जॅक्सनची आई, रोझमेरी आंटी, कापडातून गाळलेली पेज पिचकारीने त्या नळीत सोडत होत्या. घरभर पेजेचा आणि औषधाचा वास होता. अंकलची उजवी बाजू गेलेली, शब्द विस्कटलेले, आणि गिळणं जवळजवळ बंद.

संपदाने व्यायाम सुरू केले. जीभ टाळूला लावा, जोर लावून गिळा. अंकलनी तोंड भिंतीकडे फिरवलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. जगाला जेवू घातलेल्या माणसाला रिकाम्या तोंडाने गिळायला सांगणारी ही कोण पोरगी?

चौथ्या दिवशी जॅक्सन त्यांची समजूत काढायला मोबाइलवरचे फळ्यांचे फोटो दाखवत होता. "पपा, बघा तरी. कोळंबीची आमटी. भरलेलं पापलेट. शिंपल्यांतल्या तिसऱ्या…"

संपदाचं लक्ष अंकलच्या गळ्याकडे होतं. 'तिसऱ्या' म्हणताच कंठमणी वर गेला आणि खाली आला.

"थांबा! परत बोला."

"काय?"

"तिसऱ्या. कशा करतात सांगा. सावकाश, खोबऱ्यासकट."

तोंडाला पाणी सुटलं की ते गिळावंच लागतं, आणि तोच तर व्यायाम! मग सामनाच सुरू झाला. संपदा खाटेच्या एका बाजूला, दोन बोटं अंकलच्या गळ्यावर ठेवून. जॅक्सन दुसऱ्या बाजूला, त्यांच्या मानेखाली हात घालून. त्याने परदेशातली खाण्याची ठिकाणं सांगायची, तिने इथली. कंठमणी वर गेला की ज्याचं वर्णन चालू असेल त्याला एक गुण. एका आवंढ्याला एक गुण.

"जेनोआ," जॅक्सन सुरुवात करी. "बंदराच्या मागे एक चिंचोळी गल्ली. सहा टेबलं, बस्स. मेनूकार्ड नाही. म्हातारी येते, तुमच्या तोंडाकडे बघते आणि ठरवते तुम्ही काय खायचं ते."

"असं तर माझी आईही ठरवते. पुढे बोला."

"तुळशीसारखा पाला, लसूण आणि चीज कुटून हिरवी चटणी करते…"

"चटणीसाठी इटलीला जायचं?" ती अंकलकडे वळे. "अंकल, आगाशीचं भुजिंग आठवतं? कोळशावर भाजलेलं चिकन, त्यात पोहे. पोह्यांना तो धुराचा वास…"

कंठमणी टुणकन वर.

"फाउल!" जॅक्सन ओरडे. "घरचं मैदान आहे त्यांचं!"

आंटी दारात उभ्या राहून पदराने डोळे पुसत. त्या घरात सप्टेंबरातल्या झटक्यापासून कुणी ओरडलं नव्हतं. आपसात ती तिघं आपल्या बोलीत काहीबाही बोलत, त्यातलं निम्मंच संपदाला कळे. पण तिचं नाव आलं की ते मात्र बरोबर कळे.

आठवड्याभरात तिच्या लक्षात आलं की सामना रोज बरोबरीत सुटतो. बारा-बारा, नऊ-नऊ. म्हातारा लबाडी करत होता! जॅक्सन मागे पडला की त्याच्या उकडलेल्या बटाट्यालाही गुण मिळायचा. सामना कुणीच जिंकू नये, म्हणजे दोघंही उद्या परत खेळायला बसतील, असा त्याचा हिशेब असावा. त्या मानेपाशी दोघांच्या बोटांना बोटं लागत, आणि ती काढून घ्यायची घाई दोघांनाही नसे.

एका संध्याकाळी तिने त्याला खरोखरच लिट्टी खायला नेलं. त्याने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "तू माझं वाटोळं करणार. आता बोटीवरचं गोड नाही लागायचं." 'तुम्ही'चं 'तू' केव्हा झालं हे त्याच्या लक्षातही आलं नाही. तिच्या मात्र आलं. मोहरीच्या तेलाने नाकात झिणझिण्या आल्या असं सांगून तिने डोळे पुसले.

आणि मग डिसेंबर आला.

बोटीला होकार कळवायला दोन दिवस उरले असताना इस्पितळात अंकलची गिळण्याची एक्स-रे तपासणी झाली. पांढरं औषध चमच्याने द्यायचं आणि ते कुठे जातं ते पडद्यावर बघायचं. संपदाने बघितलं. निम्मं औषध श्वासनळीत उतरत होतं आणि अंकलना साधा ठसकाही लागत नव्हता. लाळ गिळणं वेगळं, घास वेगळा. इतक्या आठवड्यांनंतरही तसूभर फरक नव्हता, आणि आता तो पडणार नव्हता. डॉक्टर म्हणाले, घरच्यांना तुम्हीच समजावून सांगा.

ती वटारला पोचली तेव्हा जॅक्सन अंगणात चाफ्याखाली वाट बघत होता. "काय कळवू मी त्यांना? जाऊ… की थांबू?"

त्याच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती! आणि तो गेला तर आठ महिने या अंगणात तो दिसणार नव्हता. संपदाच्या तोंडून शब्द निघून गेले. "सुधारणा आहे. महिनाभर थांबलास तर… बरं होईल."

त्याने तिथेच उभं राहून जहाजाला नकार कळवला. मग तिचा हात धरला, पहिल्यांदाच. सुखाने तिचं काळीज भरून आलं, पण तिने त्याच्या डोळ्यांकडे बघणं टाळलं. पुढचे पंधरा दिवस ती रोज ठरवून यायची, आज सांगेन. रोज सामना रंगायचा, रोज बरोबरी व्हायची आणि रोज ती न सांगता घरी जायची. घरी तिला अन्न गोड लागत नसे.

नाताळ जवळ आला. एका रविवारी ती पोचली तेव्हा स्वयंपाकघरातून कालवणाचा वास येत होता. जॅक्सन हातात वाटी घेऊन खाटेपाशी बसला होता. "पपांची सुरमई. त्यांच्याच हातचा मसाला. तीनदा गाळलीय, काटा तर सोड, कणही नाही. सुधारणा आहे ना? मग एक चमचा…"

चमचा अंकलच्या ओठांपाशी पोचला होता. संपदाने धावत जाऊन त्याचं मनगट धरलं. रस्सा चादरीवर सांडला.

"काय झालं?"

"सुधारणा नाहीये."

"म्हणजे?"

"नव्हतीच. तो घास फुप्फुसात जाईल, जॅक्सन. तपासणीतच दिसलं होतं मला. मी खोटं बोलले."

 आंटी दाराच्या चौकटीला धरून हळूच खाली बसल्या.

"मग मी बोट सोडली ती…"

"माझ्यासाठी सोडलीस. म्हणजे… मी सोडायला लावली. तू जाऊ नयेस म्हणून." तिने त्याचं मनगट सोडलं. "माझं प्रेम आहे तुझ्यावर."

प्रेमाची कबुली इतक्या वाईट वेळी, इतक्या वाईट तोंडाने कुणी दिली नसेल. जॅक्सन तिच्याकडे बघत राहिला, ओळख पटत नसल्यासारखा.

अंकलनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी डावा हात उचलला, वाटीकडे बोट केलं, मग स्वतःच्या तोंडाकडे.

"नको, पपा," जॅक्सन म्हणाला.

अंकलनी खाटेवर मूठ आपटली. एकदा, दोनदा.

"घास देता येणार नाही," संपदा खालच्या आवाजात म्हणाली. "चव देता येईल." तिने बोटाला स्वच्छ कापड गुंडाळलं, रश्शात बुडवून घट्ट पिळलं आणि त्यांच्या जिभेवर टेकवलं. क्षणभराने दुसऱ्या कापडाने जीभ टिपून घेतली. म्हाताऱ्याने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानापर्यंत ओघळलं. मग ते तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले आणि आंटी रडता रडता हसल्या. "मीठ कमी म्हणतात."

जॅक्सन हसला नाही. त्याने वाटी खाली ठेवली. "तुम्ही आता जा," तो म्हणाला.

तुम्ही! संपदाने बॅग उचलली आणि ती निघाली. वाटेत तिला एकदा स्कूटर थांबवावी लागली, पुढचं काही दिसेना म्हणून.

त्यानंतर त्या घरी दुसरी थेरपिस्ट जाऊ लागली. संपदाने चार वेळा फोन केला, तो उचलला गेला नाही. जानेवारीच्या अखेरीस कळलं की एका पहाटे अंकल गेले. छातीत संसर्ग झाला होता. स्वतःचीच लाळ आत उतरते, तिला कोण अडवणार? संपदा मयताला गेली, चर्चच्या फाटकापाशी उभी राहिली आणि कुणाशी न बोलता परतली.

अंकलना जाऊन महिना झाला, तेव्हाच्या चर्चमधल्या प्रार्थनेला, मिस्साला, मात्र आंटींचाच निरोप आला. मिस्सा संपली, माणसं घरी जेवायला आली. आंटींनी तिला बघितलं, तिच्या दंडाला धरलं आणि एवढंच म्हणाल्या, "जेवल्याशिवाय जायचं नाही." ते प्रेमाने म्हणाल्या की रीत म्हणून, संपदाला कळलं नाही. घरामागच्या बावखलाच्या, त्या छोट्या तळ्याच्या, काठावर, हिरव्या पाण्याकडे बघत जॅक्सन बसला होता. ती जाऊन दोन हात अंतरावर बसली.

"गुरुवारी निघतोय," तो म्हणाला. "दुसरी बोट. आठ महिने."

"हं."

त्याने एक खडा उचलून पाण्यात टाकला.

"त्या पहाटे मी त्यांच्या उशाशी होतो," तो म्हणाला. "मम्मी एका बाजूला, मी दुसऱ्या. माझा हात धरूनच गेले ते. तू खरं बोलली असतीस ना, तर मी तेव्हा समुद्रात असतो. फोनवर कळलं असतं मला."

तिने मान वर केली. "म्हणजे… माफ केलंस?"

"नाही." तो चटकन म्हणाला. "माझ्या बापाला तू आशेवर ठेवलंस. त्याच्या तोंडापर्यंत मी माझ्या हाताने चमचा नेला होता. आठवलं की अंगावर काटा येतो. पण ती पहाटही तुझ्यामुळेच मिळाली. आता हा राग कुठे ठेवू आणि हे दुसरं कुठे ठेवू… मला कळत नाही, संपदा. खरंच कळत नाही."

 तिच्या गालावरून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही.

"एक विचारू?" त्याने पहिल्यांदा तिच्याकडे वळून बघितलं. "मी जाऊ ना? तूच सांग."

किती सोपं होतं! आंटी एकट्या आहेत, घर एकटं आहे, थांब. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि तो कदाचित थांबलाही असता. संपदाने दोन्ही हातांनी काठावरचं गवत घट्ट धरलं.

"मला तू जायला नको आहेस," ती म्हणाली. "एक दिवससुद्धा नको आहेस. पण आत्ता थांबलास तर रोज माझ्याकडे बघशील आणि रोज तुला तो चमचा दिसेल. मग एक दिवस तू माझ्याकडे बघणंच सोडशील." तिचा आवाज फुटला. "जा, जॅक्सन."

 त्याने हात पुढे केला, गवत धरलेली तिची मूठ हलकेच सोडवली, आणि आंटींनी जेवायला हाक मारेपर्यंत तो हात हातात धरून बसून राहिला.