मागच्या सीटवरचा आवाज

आबा टॅक्सी भंगारात द्यायला निघाले होते, आणि ती नेमकी साकीनाक्याला चंद्रप्रकाशच्या गॅरेजसमोर बंद पडली.

आबांची गिरणीतली नोकरी सुटल्यापासून आमचं घर या टॅक्सीवरच चाललं होतं. पण महिन्याभरात तीन पॅसेंजर मागच्या सीटवरून पांढरेफटक होऊन उतरले. शेजारी कोणीतरी बसून बोलतंय, असं तिघांनीही सांगितलं. आबांनी धसकाच घेतला.

"पेट्रोल जास्त लागतं?" गाडीखालून चंद्रप्रकाशने विचारलं. मला अजून त्याचे फक्त पाय दिसत होते.

"हो. आणि काचा लावल्या की वास येतो," मी म्हणाले.

तो बाहेर आला. गालाला ग्रीस, आणि डोळे... मी उगाच ओढणी सारखी केली.

तीन दिवस मी रोज गेले. आबांना म्हणायचे, गाडीवर लक्ष ठेवते.

"टाकीची वाफ कुठेतरी सुटतेय," तिसऱ्या दिवशी तो म्हणाला. "पण माझं नाक या धंद्यात मेलंय. तुझं उसनं दे ना."

"परत कधी देणार?"

"बघू."

जेवणाची सुट्टी झाली. आजूबाजूची मशिनं थांबली. साकीनाक्याला इतकी सामसूम मी कधीच अनुभवली नव्हती.

"मागे बस, काचा वर घे. मी डिकीतून नळीने टाकीत फुंकतो. वास कुठून येतो ते बघ, आणि बोलत राहा. गप्प झालीस की दार उघडीन."

"सगळे मला गप्प बस म्हणतात."

"मी नाही म्हणणार... कधीच."

दार लागलं. पाठीमागून कोणी उसासा टाकावा तसं 'हूऽऽ' ऐकू आलं. गोडसर वास आला, डोकं जड झालं. मी बोलत होते – आबांचं, आमच्या घाटकोपरच्या खोलीचं, काहीही...

मग शेजारची सीट दबली.

मी वळून पाहिलं नाही. फार भीती वाटली.

"सुलक्षणा, माझ्याशी लग्न करशील?" अगदी कानाशी. चंद्रप्रकाशचाच आवाज.

"हो," मी म्हणाले आणि गप्प झाले.

दार धाडकन उघडलं. त्याने मला ओढून बाहेर काढलं, पाणी पाजलं.

"सीटच्या मागे... उजवीकडे," मी कसंबसं सांगितलं.

त्याने सीट काढली, वाफेच्या पाइपला साबणाचा फेस लावला. "आता तू फुंक." त्याच नळीला ओठ लावताना माझे कान तापले. पाइपच्या एका चिरेवर बुडबुडे आले.

तेवढ्यात आबा आले. "हे तुमचं भूत, आबा!" चंद्रप्रकाशने चिरेवर बोट ठेवलं. " वाफ डोक्यात गेली की माणसाला काहीही ऐकू येतं."

आबा स्टिअरिंगवर हात ठेवून रडले. नवा पाइप बसला, टॅक्सी वाचली.

आबा चहा सांगायला गेले तेव्हा त्याने हळूच विचारलं, "आत 'हो' कुणाला म्हणालीस?"

"तुलाच. तूच विचारलंस ना, लग्न करशील का म्हणून?"

त्याचा चेहरा उतरला. "माझ्या तोंडात नळी होती गं."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"पण..." तो अडखळला, "फुंकताना मी मनात हेच म्हणत होतो. अगदी हेच शब्द."

आम्ही दोघांनी टॅक्सीकडे पाहिलं. मागची सीट रिकामी होती.

"मग आता तोंडाने विचार," मी म्हणाले.

त्याने विचारलं. मी पुन्हा हो म्हणाले – पण आधी त्याच्या ओठांकडे नीट बघून घेतलं.