मुरांब्याची सर्दी

वेलचेरीतल्या फ्लॅटमध्ये माझं सामान अजून धड लागलंही नव्हतं, तेव्हा बेल वाजली. दारात एक उंच मुलगा उभा. त्याच्या कुशीत माझा बोका मुरांबा, आणि मुरांब्याच्या मिशांना तांदळाचा चीक.

"हें तुमचें मांजर काय? आम्मानं वडाम, तांदळाचे सांडगे, वाळत घातले होते. त्यांवर निजलें होतें."

चेन्नईत शेजारी मराठी निघावा, आणि तेही असलं मराठी...

"तुम्ही मराठी?"

"तंजावूरचे. तीनशें वर्षें झालीं येऊन. तुम्ही?"

"साताऱ्याची. मागच्या महिन्यात आले. ओरगडमला, ट्रकच्या कारखान्यात."

"मग वडीलधारे आम्ही. आमचें ऐकावें लागेल," तो हसत म्हणाला.

ऐकायला माझी काही हरकत नव्हती. त्याचं नाव जयतीर्थ, नोकरी बँकेत. माझी शिफ्ट लांबली की मुरांब्याला तोच खायला घालायचा, म्हणून मी त्याला किल्लीच देऊन टाकली. मुरांब्याला भेटायला म्हणून यायचा आणि मुरांबा झोपलेला असला तरी तासभर बसायचा. मीही त्याला उठ म्हणायचे नाही.

नोव्हेंबरच्या पावसात मुरांबा शिंकायला लागला. एका संध्याकाळी मी भिजून घरी आले, तर दारातच नीलगिरीच्या तेलाचा भपकारा. जयतीर्थ त्याला मांडीवर घेऊन बसलेला.

"सर्दी झाली आहे ना... आम्मा आम्हांस लावते तसें तैलम लावलें. छातीस, मानेस. आतां बरें वाटेल."

मुरांबा छाती चाटत होता. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. माझ्याकडे यायला म्हणून तो उठला, मागचे पाय लटपटले आणि तो कोलमडला. मी त्याला उचललं आणि आम्ही दोघं खाली धावलो.

पाण्यातून वाट काढत आमची रिक्षा प्राण्यांच्या दवाखान्यात पोचली. डॉक्टरीणबाईंनी वास घेतला आणि आधी भांड्यांच्या साबणाने त्याचं अंग धुवायला घेतलं. मांजराच्या यकृताला ही तेलं पचत नाहीत, त्या म्हणाल्या. अंगाला लावलेलं ते चाटतं, आणि विष पोटात जातं.

विष. आम्ही लहानपणी ज्याचा वाफारा घेतला, ते विष?

मी जयतीर्थवर तुटून पडले. "कुणी सांगितला होता हा शहाणपणा? तो मेला तर?"

"चूक माझी," एवढंच म्हणून तो बाहेर बाकावर जाऊन बसला.

डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावता लावता विचारलं, "शिंका कधीपासून? घरात सुगंधी तेलाचा डिफ्यूझर आहे?"

भिंतींना ओलीचा वास येतो म्हणून मी रोज डिफ्यूझर लावत होते. लव्हेंडर, टी ट्री... बाटलीवर पान काढलेलं, शुद्ध नैसर्गिक लिहिलेलं.

"टी ट्री तर फारच वाईट. मग शिंका बहुतेक त्याच्याच. आजच बंद करा."

म्हणजे सर्दी नव्हतीच. मीच त्याला रोज थोडं थोडं विष हुंगवत होते, आणि वर दुसऱ्यावर ओरडत होते. मी बाहेर गेले आणि सगळं जयतीर्थला सांगितलं. आता तो चार शब्द सुनावणार, असं वाटलं.

"तुम्हांस ठाऊक नव्हतें," तो म्हणाला.

"तुम्हालाही नव्हतं. आणि मी किती बोलले..."

"बोला. तुम्ही बोललां तें लागलें नाहीं. तो पडला, तें लागलें." तो सरकला आणि मला बाकावर जागा केली. "आमच्या घरीं तैलम परक्यांस लावत नाहींत, विद्युलता. मुरांबा तुमचा, म्हणून मी... तुमचें तें सारें मज आपलें वाटूं लागलें आहे."

या बाकावर, या फिनेलच्या वासात कुणी असं सांगतं?

तेवढ्यात दार उघडलं. मुरांब्याच्या अंगात ऊब आली होती, त्याने मान उचलली होती. आजची रात्र इथेच ठेवावं लागेल, पण तो वाचेल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला रडू फुटलं. जयतीर्थचा हात मी केव्हा धरला, मला कळलंच नाही.

"आणि मला सर्दी झाली तर?" डोळे पुसत मी विचारलं. "आता घरात तैलम चालायचं नाही."

त्याने गंभीरपणे विचार केला. "मिरियांचें सार करून आणीन."

"सर्दी नसली तरी आणा... रोज."

हे मी बोलून गेले, याचा मलाच धक्का बसला.

जयतीर्थने माझा हात सोडला नाही. "बरें," तो म्हणाला, "आम्मास आजच सांगतों."