कासूची कोरांटी

फणसाखाली कोरांटी लावा, हिवाळाभर फुलेल, असं पेणच्या नर्सरीवाल्यानं छातीठोक सांगितलं होतं. तीन हिवाळे गेले. मी कंपनीतून रिटायर झालेला माणूस. रोज मातीचा ओलावा वहीत लिहायचो. वही भरली, झाडाला कळी नाय. शेवटी जाहीर केलं, सावली फार होतेय. येत्या संक्रांतीपर्यंत फुललं नाय तर फणस तोडायचा.

फणस शांतीनं आमच्या लग्नाच्या वर्षी लावलेला. ती भांडली नाय. एवढंच म्हणाली, "अहो, विकतची कोरांटी रुसते. फांदी चोरून आणायची असते. आणि रोह्यात नको, इथं सगळे ओळखतात."

आयुष्यात कधी शिफ्टला उशीर केला नाय, चोरीलाही वेळेवर पोचलो. श्रावणातली दुपार. कासू स्टेशनामागं, तारेच्या कुंपणाआड, आंब्याखाली कोरांटीचं रान माजलेलं. आत शिरताना शर्टाचा खिसा तारेत अडकून तिथंच राहिला. फांदी तोडली, वर बघतो तर समोर घराच्या पायरीवर एक म्हातारी वालाचं बिरडं सोलत बसलेली. मी ओशाळून मागायला तोंड उघडलं.

"मागू नको रे," मान वर न करता ती म्हणाली. "मागितलीस तर जगायची नाय. मला पायजे असंल तवा मीपन मागायची नाय."

तिचे पाय घोट्यापर्यंत ओले होते. पाऊस दोन दिवस नव्हता.

घरी येऊन शांतीला सगळं सांगितलं, फांदी फणसाखाली लावली. मार्गशीर्षात तिथं पिवळंधमक झालं. फणस तोडायला सांगून ठेवलेला गणेश संक्रांतीआधीच करवत घेऊन आला, त्याला मी परत पाठवलं. शांतीनं मुद्दाम त्याला चहाबरोबर त्याच फणसाचे तळलेले गरे दिले.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन कासूला गेलो. कुंपण तेच. आत खाऱ्या पाण्याचं डबकं. घर नाय, आंबा नाय. चहावाला हरेश म्हणाला, बांध फुटून खाडी आत आली त्याला बारा वर्षं झाली; तेव्हापासून तिथं गवतपण उगवत नाय.

तारेवर माझा खिसाही नव्हता.

घरी आलो तर शांती फणसाखाली उभी. कोरांटीची एक फांदी कुणीतरी नीट कापून नेलेली. शेजारच्या फांदीला माझा खिसा अडकवलेला. आत मूठभर सोललेलं बिरडं, ताजं.

"तिच्याकडं जगेल आता," शांती म्हणाली. खूश होती.

अंगणातून फाटकापर्यंत अनवाणी ओली पावलं गेली होती. उन्हात वाळता वाळता पांढरी पडत होती.

मी बोट लावून चाखलं.

मीठ.